गाठोबाचे अश्रू

"रडला! गाठोबा रडला!"

मेढ्याच्या वरच्या अंगाला आमची वाडी. तिथे सकाळी आठलाच जत्रा भरली होती. जुन्या जांभळाच्या बुंध्यावर घागरीएवढी गाठ, तिला डोळे, नाक, तोंड. आणि ऐन चैत्रात डाव्या डोळ्यातून टपटप पाणी. खाली तांब्या धरून जयराजबाबा उभे.

"दोन थेंब डोळ्यांत, अंधार खल्लास! मोतीबिंदू, काचबिंदू, भाऊबंदकीबिंदू, समदे बिंदू बाद!"

मी कृष्णात सुतार. झाडांच्या गाठी कोरून वाडगे, डबे करतो. अकरा वर्षांपूर्वी बायको गेली, तेव्हापासून घरात आवाज असतो तो लेथचा. गर्दीशी मला घेणंदेणं नव्हतं, पण रांगेत शेजारची हरणाबाई दिसली. सत्तरीची एकटी बाई. मुलगा इंद्रजित पलटणीतून सुटला तो पुण्यालाच राहिला. तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला साताऱ्याची तारीख मिळाली होती. आता तिचे डोळे लालभडक, चिकट झाले होते.

"मावशी, दवाखान्यात गेला न्हाई?"

"कशाला जाऊ? बाबा म्हन्लं, देव बघतोय तवर डाक्टरनं बघायचं न्हाई." मग हळूच म्हणाली, "ह्यो ऐकतो रं माझं. रोज येती, माझ्या पोराचं, इंदूचं सांगती. मग ह्यो रडतो."

मी गाठीजवळ गेलो. झाडाला जखम झाली, कीड लागली की तिथलं लाकूड वेडंवाकडं फुगत जातं. तीच गाठ. तिच्यात नाकाचा उंचवटा निघू शकतो. पण या डोळ्यांच्या कडा पटाशी मारल्यासारख्या स्वच्छ होत्या. गालावर मुंग्यांची रांग होती. मुळाशी भोक पाडायच्या गिरमिटाचा पिळदार भुसा पडला होता. आणि बुंध्याला गुंडाळलेल्या लाल कापडाखाली बाबांनी 'आज्ञा घ्यायला' हात घातला, की मगच देवाला रडू येत होतं.

मी कापडाला हात घातला.

"ए सुतारा! हात झडंल!" बाबा ओरडले.

"नऊ बोटं शाबूत हायत, महाराज. दहावं करवतीनं नेलं, देवानं न्हवं."

कापड खाली आलं. आत दवाखान्यातली सलाईनची नळी होती. एक टोक गाठीला पाडलेल्या भोकात, दुसरं वर बेचक्यात, पाल्याआड बांधलेल्या बाटलीत. नळीवरचं चाक फिरवलं, देव रडला. उलटं फिरवलं, देव गप्प. पाणी चाखलं तर साखरेचं.

गर्दी बाबांकडे वळेपर्यंत त्यांची मोटरसायकल उतार उतरत होती. माणसं पांगली. जाताना एकजण मलाच म्हणाला, "लोकांचं बरं चाललं हुतं की रं!"

हरणाबाई मात्र गाठीवर हात ठेवून उभी होती. "काय झालं? समदी गप का?"

तिला दिसत नव्हतं. मी तिची बोटं त्या चाकावर ठेवली, दुसरा तळवा गाठीच्या डोळ्याखाली धरला. तिने चाक फिरवलं. तळव्यावर थेंब पडले. उलटं फिरवलं. थेंब थांबले. तिने पुन्हा फिरवून पाहिलं. तीनदा, चारदा.

"म्हंजी ह्यो माझं ऐकत नव्हता?"

"न्हाई, मावशी."

"मग आता कुनाला सांगू रं?"

तिच्या-माझ्या घरात एकच भिंत होती आणि मी तिला कधी जेवलीस का म्हणूनही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.ने तिला साताऱ्याला नेलं. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून पाहिलं. "त्या पाण्यानं डोळा चिघळलाय. डावा हाती लागणार नाही. उजव्याचं ऑपरेशन करू, पण आधी जखम भरू दे."

उजवा वाचला. इंद्रजित दोन दिवस राहून गेला. आता संध्याकाळी मी लेथ बंद करतो आणि तिच्या ओट्यावर बसतो. ती इंदूचं तेच ते सांगते. मी हं हं करतो. मला रडू येत नाही, तेव्हा ती जरा नाराज होते.

लोकहो, झाड कुणासाठी रडत नाही. डोळा दुखला तर डॉक्टर गाठा. चमत्कार दिसला तर कापड उचलून बघा. आणि शेजारचं माणूस झाडाशी बोलायला लागलं असेल, तर त्याला वेडं म्हणण्याआधी त्याचं दार वाजवा. मी उशिरा वाजवलं. तोवर एक डोळा गेला.