नटावरची लाल रेघ

पिशवीत हात घातला तेव्हा मिस्त्रींना आतली ओल कळली ती डाव्या हाताला. उजवा हात त्याआधीच आत जाऊन पक्कड घेऊन बाहेर आला होता, पण त्याने काही सांगितलं नव्हतं.

पाण्याची बाटली आडवी झाली होती. झाकण होतं जागेवर, पण नुसतं ठेवल्यासारखं. ज्याच्या पंपासाठी ते आले होते तो लाँड्रीवाला हसून म्हणाला, झाकण नीट लावत जा की. मिस्त्री म्हणाले, लावलं होतं. ते खोटं बोलत नव्हते. सकाळी टायपिंग शिकवणाऱ्या बाईंकडे पाणी पिऊन त्यांनी झाकण चांगलं पिळून लावलं होतं, आणि घट्ट बसलं असं त्यांच्या हाताने त्यांना सांगितलंही होतं.

त्याच हाताने त्याच्या पाचच मिनिटं आधी बाईंच्या जनरेटरच्या न्यूट्रल तारेचा नट आवळला होता. मिस्त्रींनी पक्कड खाली ठेवली.

बाईंच्या यजमानांना गेल्या वर्षापासून ऑक्सिजनचं मशीन लागलेलं होतं. आज तीन वाजता वीज जाणार होती, ती थेट संध्याकाळी येणार, म्हणून तर बाईंनी त्यांना सकाळी बोलावलं होतं. मिस्त्रींनी तारा तपासल्या, एक काळी पडलेली तार बदलली, जनरेटर चालवून मीटर लावला. तिन्ही फेजवर दोनशे तीस व्होल्टच्या आसपास, उत्तम. पण ढिल्या न्यूट्रलचं असंच असतं. घटकाभर सगळं गोडीगुलाबीने चालतं, मग तार तापते, सुटते, आणि दोनशे तीसचे साडेतीनशे होतात. त्यात पंखा जळला तर पंखा आणता येतो.

फोन लावला तर नुसता वाजत राहिला. यजमान दुपारी झोपतात तेव्हा बाई फोन मुका करून ठेवत. मिस्त्रींनी लाँड्रीवाल्याचा पंप उघडा तसाच सोडला, स्कूटरला चार किका मारल्या आणि निघाले. नाक्यावर सिग्नल लाल होता. तो हिरवा होईपर्यंत त्यांनी घड्याळ तीनदा पाहिलं आणि तिन्ही वेळा पावणेतीनच वाजले होते.

उजव्या हाताची बोटं बधिर झाल्याला चार महिने होत आले होते. बायकोलाही त्यांनी सांगितलं नव्हतं. सांगणार काय? एकतीस वर्षं ज्याने 'माझ्या बोटांना कळतं' म्हणून मिरवलं, त्याने कुठल्या तोंडाने सांगायचं? गावात दुसरा एक मिस्त्री होता, तो खटका वाजणारा पाना वापरायचा. ठरल्याइतका नट आवळला की पाना खट् करायचा. त्याला आपले मिस्त्री चारचौघांत 'खटकेबुवा' म्हणून हिणवायचे. स्वतःची पद्धत साधी: नट आवळायचा, बोटांनी कौल दिला की त्यावर मुलीच्या नेलपॉलिशची लाल रेघ ओढायची. रेघ म्हणजे मिस्त्रींची सही. ती पाहिली की दुसरा कारागीर त्या नटाला हात लावत नसे.

बाईंनी दार उघडून विचारलं, काही राहिलं का? पाना राहिला बहुतेक, असं म्हणून मिस्त्री तडक मागच्या अंगणात गेले. आधी जनरेटर आपोआप सुरू होऊ नये म्हणून लाल बटण दाबलं, मग झाकण काढलं. न्यूट्रलच्या नटावर रेघ सकाळसारखीच होती, लाल, चकचकीत. मिस्त्रींनी डाव्या हाताने तार ओढली. ती पडायला आलेल्या दातासारखी हलली.

त्यांनी डाव्या हातात पाना धरून नट फिरवला. पाना दोनदा निसटला.

"तुम्ही डावरे नव्हतात," बाई मागून म्हणाल्या. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या ते मिस्त्रींना कळलंच नव्हतं. "चाळीस वर्षं मी पोरांची बोटंच बघत आले, मिस्त्री. कुठली गेलीत?"

जनरेटर थरथरतो, नट सैल होतातच, एवढं म्हटलं असतं तर बाईंना खरं वाटलं असतं. ते वाक्य मिस्त्रींच्या जिभेवर आलंही होतं.

"तीन. अंगठा धरून," ते म्हणाले. "हा नट सकाळी ढिला राहिला होता, बाई. माझ्या हातून."

बाईंनी वरच्या खिडकीकडे पाहिलं. तिथून मशीनचा संथ आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "आता बसला का घट्ट?"

"मला सांगता येत नाही."

हे वाक्य मिस्त्री आयुष्यात पहिल्यांदा बोलले, आणि बोलताना त्यांना अंगणात कपड्यांशिवाय उभं असल्यासारखं वाटलं. बाईंनी चष्मा नाकावर सरकवला, पदर खोचला आणि पान्यासाठी हात पुढे केला. मिस्त्रींनी पाना बसवून दिला, कुठल्या बाजूला फिरवायचा ते सांगितलं. नट आणखी पाव वेढा फिरला. मग बाईंनी तार ओढून पाहिली, शाळेत कान धरावा तशी, चांगली जोर लावून.

"नाही हलत," त्या म्हणाल्या.

मिस्त्रींनी डाव्या अंगठ्याच्या नखाने जुनी रेघ खरवडून काढली, झाकण लावलं, बटण पूर्ववत केलं. तीनला दोन मिनिटं असतानाच वीज गेली. वरचं मशीन दोनदा किंचाळलं, बाई जिन्याकडे धावल्या, तेवढ्यात जनरेटर धडधडून उठला आणि मशीन पुन्हा आपल्या लयीला लागलं. मीटरवर दोनशे अठ्ठावीस आलं. तरी मिस्त्री गेले नाहीत. वीज येईपर्यंत ते अंगणात येरझाऱ्या घालत राहिले, दर दहा मिनिटांनी झाकणाला डाव्या हाताची पाठ लावून तापलंय का बघत राहिले.

संध्याकाळी निघताना त्यांनी बाईंना एक नंबर लिहून दिला आणि उद्या खटकेबुवांना बोलवा म्हणून सांगितलं. माणूस चोख आहे, त्याच्या पान्याने एकदा बघू दे, असंही म्हणाले. नेलपॉलिशची बाटली त्यांनी जनरेटरच्या कडेला ठेवली. रेघ तो ओढेल.

बाईंनी त्यांची पाण्याची बाटली भरून आणून दिली. मिस्त्रींनी डाव्या हाताने झाकण लावलं, बाटली उलटी धरली आणि फरशीवर थेंब पडतो का ते बघत बराच वेळ उभे राहिले.