खरं-खोटं सांगणारा माइक

दुपारचे चार वाजले नव्हते तोच शाळेच्या मैदानातला मंडप खच्चून भरला होता. बाया पुढं, बाप्ये मागं, आणि आत जागा न मिळालेले मोटारसायकलींवर चढून माना उंच करून उभे. सगळ्यांचे डोळे एका माइकवर होते. साधाच, जाळीच्या डोक्याचा माइक. पण त्याला हार घातलेला, कुंकू लावलेलं, आणि त्याच्यामागं व्याघ्रासनावर मांडी घालून सत्यनाद महाराज. वाघाचं कातडं छापील रेक्झिनचं होतं. मला ते दिसत होतं, गावाला दिसत नव्हतं.

"बाळांनो," महाराज म्हणाले, "साक्षीदार फितूर होतो, वकील विकला जातो. पण मशीन खोटं बोलत नाही, कारण मशीनला भावकी नसते! खऱ्याचा नाद भरून येतो, खोट्याचा मरून जातो. बघा, ऑपरेटरला खाली बसवलंय, मशीनच्या बटणांवर कापड बांधलंय. आता जो बोलेल तो परमेश्वर!"

आधी भागवत उठला. घरचा सधन, महाराजांचा सप्ताहभराचा मुक्काम त्याच्याच घरी. माइकसमोर म्हणाला, "रखमाजीनं, माझ्या धाकट्या भावानं, मरायच्या आधी मोसंबीच्या बागेतला त्याचा हिस्सा मला देऊन टाकल्ता." आवाज असा भरून आला, की मागं शाळेच्या भिंतीला हादरा बसला. लोकांनी हात जोडले.

मग रखमाजीची बायको दैवशाला उठली. पदर सारखा करत म्हणाली, "न्हाई. ते म्हणल्ते, बाग आपल्या पोरीची. कुणालाच द्यायची न्हाई."

आवाज मेला. बारीक नाही झाला, ध्यानात घ्या. ऐकू पार शेवटपर्यंत गेला. पण त्यातला घुमारा गेला, धार गेली. पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलावं तसा. दैवशालानं दचकून माइककडं पाहिलं आणि पुन्हा तेच म्हणाली. पुन्हा तसाच.

"अगं बाई!" बायांमधून कुणीतरी बोललं. "खोटं बोलून राह्यली ही!"

तो मेलेला आवाज मी लगेच ओळखला. कारण तो मीच तयार केला होता.

मी तातेराव. गाव हेच, जाफराबाद तालुक्यातल्या टेंभुर्णीपासून दोन कोसांवर. नवीन जालन्यात स्टेशनजवळ तीस वर्षांपासून माइक-ॲम्प्लिफायर दुरुस्तीचं माझं दुकान आहे. दिवाळीच्या सुमारास एक माणूस आला होता. म्हणाला, "भजनाला पाहिजे. बटण दाबलं की आवाजातला जीव जायला पाहिजे, पण आवाज कमी झाला असं वाटू नये." मीही मोठा कारागीर! का पाहिजे, विचारलंच नाही. दोन दिवसांत डबी तयार करून दिली, आणि वर तिचं तंत्र फुशारकी मारत समजावून सांगितलं.

मंडपात मी उठायला पाहिजे होतं. नाही उठलो. रखमाजी माझा वर्गमित्र, त्याच्या बायकोची भर गावात अब्रू चालली होती, आणि मी माझ्या दुकानाचा विचार करत बसलो. डबी कुणी बनवली हे निघालं तर काय? निम्मे मंडपवाले महाराजांचे भक्त, आणि तेच माझी गिऱ्हाइकं. सोमवारी संध्याकाळच्या बसनं मी गुमान जालन्याला परत गेलो.

गुरुवारी वंदनाबाई दुकानात आल्या. आमच्या गावच्या शाळेत विज्ञान शिकवतात. शाळेचा माइक टेबलावर ठेवून म्हणाल्या, "तातेराव, सोमवारी मी मंडपात होते. आवाज कमी न होता मरतो कसा, ते तुम्हाला बराबर माहीत असणार."

मी सगळं सांगितलं.

"आणि तुम्ही गप बसलात?"

शुक्रवारी मी त्यांच्यासोबत गावात गेलो.

मंडप तसाच भरलेला. वंदनाबाईंनी हात जोडून म्हटलं, "महाराज, एक छोटी परीक्षा घेऊ द्या."

"देवाची परीक्षा घेता, बाई?"

"देवाची कशाला? माइकची."

लोक हसले. आता नको म्हणायची महाराजांची सोय राहिली नाही. बाईंनी आठवीतल्या दहा मुली उभ्या केल्या. प्रत्येकीनं पडद्याआड जाऊन मुठीत हरभरा घ्यायचा किंवा नुसती मूठ झाकायची, बाहेर येऊन माइकसमोर म्हणायचं, "माझ्या मुठीत हरभरा आहे." माइकचा निकाल लागला की मूठ उघडायची.

पहिलीचा आवाज भरून आला. मूठ उघडली, रिकामी! दुसरीचा मेला. मुठीत टपोरा हरभरा. महाराजांच्या कपाळावर घाम आला. दहापैकी सहा निकाल चुकले. बाग कुणाची हे सांगणाऱ्या देवाला हरभरा काही दिसेना.

"आज वातावरण अशुद्ध आहे!" महाराज ओरडले. "कुणीतरी विटाळ..."

"विटाळ आसनाखाली हाय," मी म्हणालो. मंचावर चढलो, रेक्झिनच्या वाघाचा कोपरा उचलला. महाराजांच्या गुडघ्याखाली डबी, डबीतून निघालेली माइकची वायर.

"ही डबी मी केली," मी माइकमध्ये म्हणालो. "सायकलचा डायनामो बघितलाय ना? दिवा जोडला नसंल तर चाक हलकं फिरतं, जोडला की पायडल जड होतं. या माइकात तेच हाय. चुंबक, आणि जाळीमागच्या पातळ पडद्याला चिकटलेली तारेची बारीक गुंडाळी. आपण बोललो की पडदा हलतो, गुंडाळी हलते, वीज तयार होते. ती वाढवायचं पहिलं यंत्र म्हंजे प्रीॲम्प, ते या डबीत हाय. त्याच्या तोंडाशी विजेला जो अडथळा असतो, त्याला आम्ही इंपिडन्स म्हणतो. तो जास्त असला की गुंडाळी मोकळी हलते, आवाज भरून येतो. हे बटण दाबलं की तो एकदम खाली येतो, डबी जास्त वीज ओढती, गुंडाळीवर ओझं पडतं. खालचा घुमारा जातो, वरची चमक जाती. जेवढा आवाज उतरतो तेवढा डबीच वाढवून देती, म्हणून कुणाला शंका येत न्हाई. बाकीचं काम तुमचे कान करतात. खोट्याचा नाद मरतो, हे त्यांना आधीच सांगून ठेवलेलं असतं!"

मी बटण दाबलं. वंदनाबाई म्हणाल्या, "दोन आणि दोन चार." मेलेला आवाज. मी बटण सोडलं. "मी बेडूक आहे." भरदार, घुमणारा, साक्षात परमेश्वराचा आवाज. पोरं हसून हसून लोळली. महाराज मागच्या बाजूनं गाडीकडं निघाले, तर पोरींच्या आयांनीच वाट अडवली. पोलीस येईपर्यंत त्यांना जागेवर बसवून ठेवलं.

मी धावतच दैवशालाच्या घरी गेलो. ती सोमवारपासून दाराबाहेर पडली नव्हती. "वहिनी, निकाल लागला! तो माइक खोटा होता. तुम्ही खऱ्या!"

ती ज्वारी पाखडत होती. सूप खाली ठेवलं नाही.

"परवाच जाफराबादला जाऊन बागेच्या हक्कसोडीवर सही करून आल्ते, भाऊजी."

"सही? अहो, का पण? तुम्हाला तर ठाऊक होतं, तुम्ही खरं बोलत होता!"

"ठाऊक होतं की. पण ते बोलणं माइकमधून माझ्याच कानावर आलं, अन् मलाच खोटं वाटलं. लई इचार केला. मंग म्हणलं, त्या वक्ताला रडून रडून डोकं ठिकाणावर नव्हतं माझं. ते काय म्हणले, मलाच बराबर आठवत नसंल."

भागवतला मी गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "सही तिनं तिच्या हातानं केली. तिथं कुठं माइक होता?" वकील म्हणतात, दावा लावता येईल, पण वर्षं जातील. दैवशालाची पोर यंदा दहावीला आहे.

महाराज जामिनावर सुटले आहेत. उद्या ते तुमच्या गावात येतील, हातात माइक नसला तर दुसरं काही असेल. लोक हात जोडतील तेव्हा तुम्ही हात वर करा. झाकण उघडून दाखवा म्हणा. त्यांना माहीत नसलेल्या गोष्टीवर निकाल द्यायला लावा. आणि आतली गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल, तर त्याच जागी, त्याच मिनिटाला बोला. सोमवारी मला एवढंच करायचं होतं. मी शुक्रवारी केलं, आणि सही बुधवारी झाली.