टण्ण वाजणारा ड्रायव्हर

बाबांच्या ड्रायव्हरचं मुंडकं उडालं आणि तळ्यात पडलं, ही बातमी घरी पोचली तेव्हा शेजारच्या काकू आधी किंचाळल्या आणि मग तांब्याभर पाणी घेऊन धावत आल्या. त्यांना खुर्चीत बसवून समजवावं लागलं की ड्रायव्हर म्हणजे माणूस नव्हे. गोल्फमधली सगळ्यात लांब काठी. पुढे भरताच्या वांग्याएवढं डोकं असतं, आणि पहिला, लांबचा फटका तिनेच मारतात. काकूंनी आणलेलं पाणी स्वतःच पिऊन टाकलं. "मग असं नीट सांगावं माणसाने," म्हणाल्या आणि जरा हिरमुसूनच परत गेल्या.

ठकीला काठीचं फारसं वाईट वाटलं नव्हतं. काठी पिकलं पान होती, भरपूर जगून गेली. वाईट वाटायला लागलं ते पुढच्या रविवारपासून.

बाबा दर रविवारी वकीलकाकांबरोबर खेळायला जात. वकीलकाका हे बाबांचे शाळेपासूनचे मित्र आणि तेव्हापासूनचे विरोधी पक्ष. त्यांनी मोठ्या मनाने आपल्याकडचा जादाचा, अगदी नवा कोरा ड्रायव्हर बाबांना वापरायला दिला, आणि बाबांचे चेंडू हरवायला लागले. एक चेंडू माळ्याच्या ढकलगाडीत पडला आणि शेणखताबरोबर गुलाबांना घातला गेला. एक बदकाने आपला समजून उबवायला घेतला. क्लबने तिथे 'कृपया शांतता राखा' अशी पाटी लावली. बाकीचे कुठे गेले ते बदकालाही माहीत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी बाबा लवकर घरी आले, खेळायचे बूट पुसून कपाटावर ठेवले आणि म्हणाले, "पुरे झालं आता. वय झालं."

आई हबकली. बाबा कधी बटाट्याच्या पोत्याचंही वय झालंय असं म्हणत नसत.

"अगं, हे रविवारी घरात राहिले तर माझं कसं व्हायचं?" तिने ठकीला स्वयंपाकघरात ओढून विचारलं. "एकेक डबा उघडतात आणि विचारतात, हे काय आहे? परवा चहात मीठ घातलं. मी तोंड वाकडं केलं तर म्हणे, मुद्दाम वेगळं करून पाहिलं."

ठकीची काळजी मात्र निराळी होती. दुकान बाबांनी तिच्या हाती सोपवलं होतं, गुडघ्यांनी जिना सोडला होता, गोड खाणं डॉक्टरांनी सोडवलं होतं. उरला होता तो रविवार. बाबांनी खेळायचं थांबवलं तर बाबाच थांबतील, असं तिच्या मनाने घेतलं.

डोळ्यांची शंका तिला आली नाही, कारण डोळ्यांच्या बाबतीत ते घर म्हणजे दिव्याखालचा उजेड होतं. दुकान चष्म्यांचं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, तो बाबांनी दुकान उघडलं तेव्हा स्वतः ब्रशने रंगवलेला. वर भलामोठा 'क', खाली 'ट' आणि 'र', मग 'म', 'प', 'ब', आणि तसं बारीक होत होत मुंगीएवढं. ठकी अक्षरं शिकली ती त्याच्यावरूनच. शाळेत बाईंनी मुळाक्षरं म्हणायला सांगितली तर तिने उभं राहून खणखणीत "क, ट, र, म, प, ब" म्हटलं होतं. बाईंनी बाबांना बोलावून घेतलं. बाबा म्हणाले, "शेवटच्या ओळीपर्यंत गेली ना? मग मुलीचे डोळे उत्तम आहेत."

त्याच तक्त्यासमोर तिने मागच्या महिन्यात बाबांना बसवलं होतं. बाबांनी वरपासून खालपर्यंत सगळं घडाघडा वाचलं होतं. तपासणीच्या यंत्रावर मात्र बसले नाहीत. "यंत्र गिऱ्हाइकांसाठी असतं," म्हणाले. "नटाच्या घरच्यांनी नाटकाचं तिकीट काढायचं का?"

तेव्हा डोळे ठणठणीत. म्हणजे दोष काठीचा. ठकीने ठरवलं, बाबांना बाजारातला सगळ्यात नवा, सगळ्यात भारी ड्रायव्हर घेऊन द्यायचा. पैशाकडे बघायचं नाही.

खेळाच्या सामानाच्या दुकानात एक दाढीवाला विक्रेता बापलेकींच्या वाट्याला आला. एखादी आत्या भाच्याचं स्थळ घेऊन यावी, तसा तो ड्रायव्हरबद्दल बोलत होता.

"काका, हा बघा. एकदम नवं मॉडेल. वजनाला हलका, स्वभावाने शांत. इतका समजूतदार आहे, की तुम्ही चुकलात तरी हा चुकत नाही."

"मग मी कशाला जाऊ?" बाबा म्हणाले. "रविवारी त्यालाच पाठवतो."

एका बाजूला जाळी लावली होती आणि तिच्यामागे मोठा पडदा. चेंडू जाळीत मारायचा. तो खऱ्या मैदानात कुठे गेला असता ते पडद्यावर दिसायचं. बाबांनी नवा ड्रायव्हर फिरवला. थप्प. उशीला बुक्की मारावी तसा आवाज आला. पडद्यावर चेंडू हिरवळीच्या मधोमध, सरळ रेषेत, क्षितिजापर्यंत गेला. विक्रेत्याने टाळ्या वाजवल्या.

"कसा गेला गं?" बाबांनी विचारलं.

"अहो बाबा, समोर दिसतंय की!"

"दिसतंय गं. तुझं मत विचारतोय."

ठकीने मत दिलं. फार छान, हाच घेऊ या. विक्रेता खोकं आणायला वळलासुद्धा. तोवर बाबा तिथून सटकले होते. कोपऱ्यात छत्र्यांच्या शेजारी एक पिंप होतं, आणि त्यात लोकांनी नवे घेताना टाकून दिलेले जुने ड्रायव्हर उभे होते, वरातीत मागे राहिलेल्या पाहुण्यांसारखे. बाबा एकेकाच्या डोक्यावर बोटाच्या पेराने टकटक करून कान लावत होते. माठ घेताना आई करते तसंच. एकावर त्यांचा हात थांबला. डोक्यावर ओरखडे होते, आणि मुठीचं रबर कुणाच्या तरी अंगठ्याने इतकं घासलेलं, की तिथे खळगा पडला होता. बाबांनी त्यात आपला अंगठा ठेवून पाहिला.

"हा," ते म्हणाले.

"काका, तो फार जुना आहे," विक्रेता म्हणाला.

"मीही."

त्यांनी चेंडू ठेवला आणि फटका मारला. टण्ण! मोज्यांच्या विभागातल्या एका बाईंनी टोपली खाली ठेवली.

"उजवीकडे गेला. काठीच्या टाचेला लागला," बाबा म्हणाले. मान खाली, पुढचा चेंडू चाचपताहेत. ठकीने पडद्याकडे पाहिलं. उजवीकडे.

टण्ण! "डावीकडे, पण चालेल." पडद्यावरही डावीकडे, आणि चालेल इतकाच.

टण्ण! "हा घे. मधोमध."

"पण नवा याच्यापेक्षा खूप लांब जातो, काका," विक्रेत्याने शेवटचं शस्त्र काढलं.

"लांब जाऊन काय करायचं? सापडायला हवा."

इथे ठकीचं डोकं फिरलं. "बाबा, हा चिक्कूपणा पुरे! आईला तुम्ही जन्मभर जुन्याच फ्रेममध्ये नव्या काचा घालून दिल्यात. मला सायकल दिलीत ती मामाची, दप्तर ताईचं. मला एकदा, फक्त एकदा, तुम्हाला काहीतरी नवंकोरं घेऊन द्यायचंय!"

"मग मोजे घे," बाबा म्हणाले.

ठकीने विक्रेत्याकडे पाठबळासाठी पाहिलं. तो पडद्याखालची तार हलवत होता. "माफ करा हं, यंत्र अडकलं वाटतं," तो म्हणाला. तेव्हा तिचं पडद्याकडे लक्ष गेलं. तिथे मैदान नव्हतंच. तिथे तंबूची जाहिरात होती, आणि एक सुखी कुटुंब त्या तंबूतून डोकी बाहेर काढून हसत होतं. तिसरा फटका पडद्याने दाखवलाच नव्हता. तरी बाबा म्हणाले होते, मधोमध.

ठकी बाबांकडे वळली. मग तिने अगदी हळू विचारलं, "बाबा, समोरच्या भिंतीवर काय लिहिलंय?"

बाबा लगेच ताठ उभे राहिले. सवयीने डावा तळवा डाव्या डोळ्यावर गेला. आणि खणखणीत आवाजात ते म्हणाले, "क. ट, र. म, प, ब..." आणि न अडखळता मुंगीएवढ्या ओळीपर्यंत पोचले.

भिंतीवर लिहिलं होतं: 'चिखलाचे बूट चटईवर आणू नयेत.'

विक्रेत्याने भिंतीकडे पाहिलं. बाबांकडे पाहिलं. पुन्हा भिंतीकडे पाहिलं, आणि न जाणो म्हणून आपले बूट चटईवरून मागे घेतले.

"चुकलं का काही?" बाबांनी हात खाली घेत विचारलं.

"नाही बाबा," ठकी म्हणाली. "एकही अक्षर चुकलं नाही."

बूट घालून पाहायच्या बाकावर ती त्यांना घेऊन बसली. विक्रेता शहाणा होता. तंबूच्या जाहिरातीकडे मन लावून बघत राहिला.

"कधीपासून?"

"आधी वाटलं चष्म्याची काच पुसायला झालीय. मग काच पुसली," बाबा म्हणाले. "मग कळलं."

"आणि मी तपासलं तेव्हा?"

"तू इतकी मन लावून विचारत होतीस. म्हटलं, लेकीला नापास का करा?"

"बाबा!"

"अगं, न्हाव्याला टक्कल चालतं. चष्मेवाल्याला न दिसणं चालत नाही. आणि एकदा दिसत नाही म्हटलं, की तू आणि तुझी आई मला शाल गुंडाळून सोफ्यावर ठेवणार. रविवार बंद." त्यांनी मांडीवरच्या जुन्या ड्रायव्हरच्या डोक्यावर टिचकी मारली. टण्ण. "माझा जुना असाच बोलायचा. कुठे लागलं, कुठे गेलं, सगळं सांगायचा. वकिलाचा तो नवा घुम्या आहे. त्याने मारलं की चेंडू गेला तो गेलाच. वय झालं म्हटलं ते त्याच्यामुळे."

ठकीने त्यांचा चष्मा काढला आणि तिथेच, मोज्यांच्या विभागातल्या प्रकाशात, त्यांच्या डोळ्यांत नीट पाहिलं. इतकी वर्षं तिने त्या डोळ्यांसमोर तक्ता धरला होता. डोळ्यांत पाहिलं नव्हतं. दोन्ही बाहुल्यांवर दुधाची साय धरली होती. मोतीबिंदू. रोज चार गिऱ्हाइकांना ती सांगायची, घाबरू नका, हल्ली अगदी साधं असतं.

"घाबरू नका," ती म्हणाली, आणि तिचाच आवाज कापला.

"तू रडतेयस का? मला दिसत नाहीये म्हणून विचारतो."

"हे बघा. काठी तुमच्या पसंतीची. डोळ्यांचा डॉक्टर माझ्या पसंतीचा. आणि रविवार चालू."

बाबांनी विचार केला. "वकिलाला सांगायचं नाही."

"नाही सांगत."

विक्रेत्याने जुना ड्रायव्हर बांधून दिला. त्याच्या डोक्याला कव्हर मिळेना, म्हणून जोडी हरवलेला एक लोकरी मोजा फुकट चढवला. बाबा मोजा चाचपून म्हणाले, "बघ. मोजेसुद्धा झाले."

डॉक्टरांची तारीख मिळाली, तिच्या आधी एक रविवार येत होता. ठकी त्या दिवशी दुकान बंद ठेवून बरोबर गेली. बाबा पहिल्या खुणेवर उभे राहिले. टण्ण!

"मधोमध. ओढ्याच्या अलीकडे."

"हो हो, दिसला," वकीलकाका कपाळावर हात धरून म्हणाले. "सुरेख!" त्यांचं तोंड गाड्या लावायच्या जागेकडे होतं.

मग त्यांनी आपला नवा ड्रायव्हर पिशवीत ठेवला आणि सहज बोलल्यासारखं म्हणाले, "तुझा दे रे जरा. माझ्या काठीचं हल्ली काही कळत नाही." टण्ण! चेंडूकडे न बघता त्यांनी बाबांकडे बघितलं. "हं?"

"उजवीकडे. झाडात."

"मला वाटलंच," वकीलकाका म्हणाले.

ठकी वकीलकाकांच्या समोर येऊन उभी राहिली. "काका, तुमचे डोळे कोण तपासतं हो?"

"कोण म्हणजे? तुझे बाबाच! पहिल्यापासून. अजून शेवटची ओळ तोंडपाठ आ— स्वच्छ दिसते."

बाबा एकदम बुटाची नाडी बांधायला वाकले. ती बांधलेलीच होती.

बाबांच्या पहिल्या डोळ्याचं काम झालं, तेव्हा ते काळा गॉगल लावून दुकानात आले आणि एखाद्या नटासारखे खुर्चीत बसले. म्हणाले, "तुझ्या आईने केस रंगवलेत, मला कुणी सांगितलं नाही." ठकी स्टुलावर चढून जुना तक्ता उतरवत होती. पुढच्या खुर्चीत वकीलकाका वाट बघत होते. नवा तक्ता लागणार आहे हे कळल्यापासून ते जरा घामाघूम झाले होते. नवीन अक्षरं, नवीन क्रम, कुणाच्या बापाला पाठ नाहीत अशी.

तिने तो ठोकला, मागे जाऊन जमिनीवरच्या खुणेवर उभी राहिली, आणि वाकडा तर लागला नाही ना ते पाहू लागली.

"आता लागल्या हाती वाचून दाखव," बाबा म्हणाले. "छपाईत चूक नसावी."

ठकीने वाचलं. पहिल्या ओळी झाल्या. मग ती थांबली. डोळे बारीक केले. मान तिरकी केली. मग घसा साफ करून आत्मविश्वासाने म्हणाली, "म, प, ब..."

"ठके," बाबा म्हणाले, "तो खाली काढून ठेवलाय."

वकीलकाकांना फार बरं वाटलं.

बाबा उठले. गॉगल वर सरकवला, एका नव्याकोऱ्या डोळ्याने लेकीकडे बराच वेळ बघितलं, आणि आपली खुर्ची रुमालाने झटकली. "ये. बस." काचा बदलून बघायची जुनी फ्रेम त्यांनी स्वतः तिच्या कानांवर चढवली, लहानपणी टोपी घालायचे तशी, कान न दुमडता. "आता बरं? की आता? घाई नाही. आता?"

"आता," ठकी म्हणाली. शेवटची ओळ समोर स्वच्छ उभी होती. बाबांच्या नाकावरचा तीळही.

बाबांनी खण उघडला आणि शोधाशोध करून एक फ्रेम काढली. एका बाजूला थोडा रंग उडालेला होता.

"आईची आहे, जुनी," ते म्हणाले. "चालेल ना? नवी कशाला?"