ओलुमतुकची तारीख

आईची ओलुमतुकची पेटी अजून डोळ्यांपुढे येते. निळ्या पत्र्याची, कडेला लाल फुलं रंगवलेली. आपल्या मयतीचा खर्च आपणच साठवायचा, लेकरांवर टाकायचा नाही, ही आमच्या अत-बाशी भागातल्या बायकांची रीत; त्या साठवणीलाच ओलुमतुक म्हणतात. पेटीत पांढरं कापड, मयतीला येणाऱ्यांना वाटायचे रुमाल आणि तळाशी मयतीच्या जेवणाला कापायचा घोडा घेण्यापुरते रूबल. झाकण उघडलं की साबणाचा वास यायचा. पुढे रूबल मातीमोल झाले, सोम आले. आई गेली तेव्हा तिच्या साठवणीत घोडा सोडाच, मेंढीही आली नसती. शेजारच्या जुमाशकडून घोडा उसना आणला. त्या दिवशी खाली गेलेली माझी मान मला अजून आठवते.

म्हणून माझे पैसे पेटीत नव्हते. पेन्शन बँकेत येते, आणि सून नुर्झातने माझ्या फोनमध्ये हिशेबाचं ॲप घालून दिलं होतं. घराचं खातं एकच, पण ज्याचा त्याचा कप्पा वेगळा. कप्प्याला नाव, रक्कम आणि तारीख. माझ्या कप्प्यात नऊ वर्षांचे एक लाख साठ हजार सोम होते. तारखेची जागा नुर्झातने रिकामी सोडली होती. सासूच्या मयतीची तारीख कोणती सून लिहील?

ऑगस्टातली सकाळ. मी चहा ओतत होते.

"अपा, ॲपमध्ये नवीन काय काय आलंय बघा," नुर्झात म्हणाली. "वीजबिलाची आठवण करतं, खर्चाचे रंगीत गोल काढतं. साखरेवर किती जातात तेसुद्धा सांगतं!"

"साखर मोजायला मी आहे ना घरात. माझा कप्पा दाखव."

तिने बोट फिरवलं आणि तिचा चेहरा पिठासारखा पांढरा झाला. कप्प्यात शून्य होतं.

"परवा ॲपने विचारलं, नवं रूप घेऊ का म्हणून. मी न वाचताच हो म्हटलं," ती पुटपुटली. मग तिने वाचून दाखवलं: "तारीख नसलेल्या कप्प्यातले पैसे झोपून असतात. आम्ही ते सर्वात जवळच्या तारखेच्या कप्प्यात हलवले आहेत."

सर्वात जवळची तारीख होती माझ्या मुलाच्या ट्रॅक्टरची.

तेवढ्यात अंगणात धडधड ऐकू आली. मेदेर ट्रॅक्टरवर बसूनच आत आला, तोंडभर हसत. "अपा! काल अचानक पैसे पुरे झाले! म्हटलं, नुर्झातच्या माहेरच्यांनी घातले असतील. लगेच नेऊन भरले."

किटली हातात तशीच.

"तिच्या माहेरच्यांचे नाहीत," मी म्हटलं. "तू माझ्या मयतीवर बसून आलायस."

तो खाली उतरला. नुर्झातने फोन पुढे केला. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं.

"दोन वर्षांत सगळे भरतो, अपा. शपथ."

"आणि दोन वर्षं मी मरायचं नाही, असं मी कुणाला लिहून दिलंय?"

"असं नका ना बोलू!"

"मग काय, तूही जुमाशच्या पोरांच्या दारात जाशील घोडा मागायला?" मी नुर्झातकडे वळले. "तारीख लिही."

"नाही हो अपा, माझा हात नाही चालणार."

"तारीख नाही म्हणून तर पैसे गेले. लिही."

"मग लांबची लिहू? वीस वर्षांनंतरची?"

"लांबची लिहिलीस तर पैसे सगळ्यांच्या शेवटी येतील. बावीस नोव्हेंबर लिही. याच वर्षीचा."

तिने डोळे अर्धे मिटून आकडे दाबले. खातं एकच, त्यामुळे मेदेरच्या खिशातला फोनही वाजला. त्याने काढून वाचलं: "छान! ओलुमतुक: ब्याण्णव दिवस उरले. यापुढे येणारे पैसे आधी इथे जमा होतील."

मेदेर पायरीवर मटकन बसला. पन्नाशीला आलेला माझा मुलगा, पण ओठ लहानपणी थरथरायचे तसे थरथरत होते.

"काढा ती तारीख."

"काढली की पैसे पुन्हा झोपले."

तो उठला, ट्रॅक्टर चालू केला आणि आला तसाच फाटकातून बाहेर गेला. विकणारा ओळखीचा होता, आठ दिवसांच्या आत आणलास तर परत घेईन म्हणाला होता.

धूळ खाली बसल्यावर नुर्झातने नाक पुसत विचारलं, "अपा, पण नोव्हेंबरच का?"

"तेव्हा घोड्यांवर चरबी असते."

तिने तोंडावर हात दाबला. हसत होती की रडत, कळलं नाही.

दुपारी मेदेर बसने परतला. आम्ही तिघं जेवायला बसणार, तोच माझा फोन वाजला. पडद्यावर रंगीत कागदाचे तुकडे उडत होते. "अभिनंदन, सायराकान! ओलुमतुक पूर्ण. तुम्ही वेळेआधीच तयार आहात!"

कुणाचाच हात ताटाकडे जाईना. मेदेर माझ्याकडे असा बघत होता, जणू मी आत्ताच उठून जाणार आहे.

"आता भरलाय ना कप्पा?" मी म्हटलं. "तारीख ने पुढे. दहा वर्षं."

नुर्झातने घाईघाईने आकडे बदलले. फोन क्षणभर थांबला आणि मग विचारलं: "उशीर का होत आहे? कारण निवडा."