चौथ्या मजल्याची टोपली

मित्रांनो, मी बांबूची टोपली. हातभर रुंद, गोल, काठाला दोन कड्या. माझा तळ एका बाजूने फुटलेला आहे आणि तिथे निळ्या प्लास्टिकच्या पट्टीचे ठिगळ आहे. ते ठिगळ कसे आले तेच मला सांगायचे आहे. सांगताना माझा आवाज चढला तर समजून घ्या. मी बरीच वर्षे रागावलेलीच आहे.

माझा जन्म पापडी गावच्या बाजारात झाला. बायजा नावाची बाई बाजाराच्या कडेला बसून टोपल्या विणायची. माझा काठ वळताना तिच्या बोटात कुसळ गेले. तिने ते दाताने ओढून काढले, बोट लुगड्याला पुसले आणि पुढची कामटी उचलली. त्याच दिवशी रंभाने मला विकत घेतले.

रंभा उमेळ्याची. घरामागे तिची छोटी वाडी होती. मेथी, वांगी, अळू, चवळी आणि कडेने केळी. सकाळी ती भाजीची मोठी पाटी डोक्यावर घ्यायची आणि त्या पाटीच्या वर मी, मिरची-कोथिंबीर घेऊन बसलेली. रेल्वेचा पूल ओलांडून आम्ही गोखिवऱ्याला यायचो. तिथे तेव्हा नव्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या. भाताची खाचरे होती तिथे गेट आणि वॉचमनच्या खुर्च्या आल्या होत्या.

१९९४ साली अशाच एका चार मजली इमारतीखाली रंभाने हाक दिली. चौथ्या मजल्याच्या गॅलरीतून एका बाईने दोरीला बांधलेली पातळ पिशवी खाली सोडली. त्या मीराताई. रंभाने पिशवीत वांगी भरली. पिशवी दुसऱ्या मजल्यापर्यंत गेली आणि फाटली. वांगी एकेक करून खाली आपटली.

"ताई, पिशवी नाय चालायची," रंभा वर बघून म्हणाली. "तुम्हीच खाली या ना."

"गुडघे गेलेत गं माझे. चार जिने उतरले तर चढवायला माणसं लागतात."

रंभाने माझ्यातली मिरची पाटीत ओतली आणि मला दोरीला बांधले. "ही ठेवा तुमच्याकडं. बायजाच्या हातची हाय, फाटायची नाय."

अशी मी चौथ्या मजल्यावर राहायला गेले.

मीराताई गिरगावातल्या एका खोलीतून इथे आल्या होत्या. मुलगा सुमेध नोकरीसाठी पहाटे सहाला घर सोडायचा, तो रात्री नऊला परत. घर घेताना बिल्डरने छापील कागद दाखवला होता. त्यात लिफ्टचे चित्र होते. लिफ्टसाठी तळमजल्यापासून गच्चीपर्यंत चौकोनी पोकळी सोडलेलीही होती. पैसे हातात पडल्यावर बिल्डर पुढच्या इमारतीकडे वळला. चित्रातली लिफ्ट चित्रातच राहिली. वर्षातून दोनदा, डॉक्टरकडे जायचे असले की, सुमेध आणि त्याचे मित्र मीराताईंना खुर्चीत बसवून खाली न्यायचे. एरवी खाली जायची ती मी.

मला ते काम आवडायचे, हे मी कबूल करते. भाजी, औषधे, आलेली पत्रे, सगळे माझ्यातून वर जायचे. खाली येताना झाकणाच्या डब्यातून रंभासाठी चहा यायचा. सात वर्षांत त्यातला थेंब सांडला नव्हता. कधी रंभा न मागता अबोलीचा गजरा टाकायची, कधी सुकेळी, म्हणजे वाळवलेली गोड केळी. दोघी एकमेकींशी चार मजल्यांवरून बोलायच्या. रंभाच्या सुनेचे बाळंतपण, सुमेधचे लांबलेले लग्न, वाडीच्या शेजारी आलेली मोजणीची माणसे, अशा सगळ्या गोष्टी येणाऱ्या-जाणाऱ्यांनाही ऐकू जायच्या. तिसऱ्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली संजना खिडकीतून हात घालून माझ्यातली चार काड्या कोथिंबीर उचलायची. मीराताईंना दोरी जड-हलकी झालेली कळायची. त्या गालात हसायच्या आणि दुसऱ्या दिवशी कोथिंबीर जास्त मागवायच्या.

आता प्रल्हादरावांविषयी सांगते. ते पहिल्या मजल्यावर राहायचे आणि सोसायटीचे अध्यक्ष होते. लिफ्टच्या त्या पोकळीला त्यांनी तळमजल्यावर जाळीचे दार लावले होते, दाराला कुलूप आणि कुलपाची किल्ली स्वतःच्या खिशात. आत त्यांची स्कूटर, दोन वेताच्या खुर्च्या, गाद्या, लोखंडी खाट आणि गणपतीचे मखर. मीराताई दर वर्षी लिफ्टसाठी अर्ज लिहायच्या. तो अर्ज माझ्यातूनच खाली जायचा आणि अध्यक्षांच्या दाराशी पोहोचायचा. उत्तर एकदाही माझ्यातून वर आले नाही.

२००१ साली इमारतीला नवा रंग दिला. फिकट पिवळा. प्रल्हादरावांच्या खिडकीखाली माझ्यातल्या ओल्या मेथीच्या पाण्याचा एक ओघळ उमटला आणि फलकावर नोटीस लागली. गॅलरीतून दोरी, टोपली अथवा पिशवी सोडण्यास सक्त मनाई.

मीराताईंनी गॅलरीतूनच विचारले, "प्रल्हादराव, मग मी भाजी कशी घेऊ?"

"मुलाला सांगा, काकू."

"तो येतो तेव्हा भाजीवाले उठून गेलेले असतात."

"मग जिना आहे ना. सगळे जिन्यानेच जातात."

दुसऱ्या दिवशी मीराताईंनी एका हातात काठी घेतली, दुसऱ्या हातात मला घेतले आणि त्या जिना उतरू लागल्या. मित्रांनो, ती सकाळ मी विसरू शकत नाही. एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, मग थांबणे. तिसऱ्या मजल्यावर त्यांचे कपाळ घामाने भिजले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांचा पाय पुढे उचलेना आणि त्या पायरीवरच बसल्या. मला त्यांनी मांडीवर घेतले. कामाला जाणारी माणसे बाजूने जात होती.

"काय काकू, आज खाली?" एकाने विचारले आणि उत्तर ऐकायच्या आत तो पुढच्या वळणावर पोहोचला.

संजनाही आली. तिच्या कानाला फोन होता. तिने मीराताईंकडे पाहून मान हलवली, ओढणी सावरून घेतली आणि ती निघून गेली. जिची कोथिंबीर इतके दिवस खाल्ली, तिला हात द्यायला हिच्याकडे वेळ नव्हता. मला तिच्या पायात कोसळावेसे वाटले.

खाली जाणे झालेच नाही. मीराताई उलट्या बसल्या आणि पाठमोऱ्या, हातांवर जोर देऊन, एकेक पायरी वर सरकत गेल्या. रिकामी मी त्यांच्या बाजूला एकेक पायरी वर ठेवली जात होते. घरी पोहोचल्यावर त्यांनी आधी मला कोपऱ्यात ठेवले आणि मग पदराने डोळे पुसले. रात्री सुमेध जेवता जेवता एवढेच म्हणाला, "आई, तू कशाला उगाच खाली जायला निघालीस?" तो थकलेला होता, मान्य आहे. पण त्या "उगाच"चा मला आजही राग येतो.

पुढच्या सकाळी रंभाची हाक आली. मीराताईंनी चहाचा डबा माझ्यात ठेवला, दोरी घट्ट बांधली आणि मला खाली सोडले. नोटीस त्यांना माहीत होती.

पहिल्या मजल्याच्या खिडकीतून एक हात बाहेर आला. त्या हातात कात्री होती.

मी रंभाच्या पुढ्यात दगडावर आपटले. माझ्या तळाच्या कामट्या मोडल्या, डब्याचे झाकण उडाले आणि उकळता चहा रंभाच्या उजव्या हातावर सांडला. कोपऱ्यातल्या नळाखाली तिने हात धरला. पाणी वाहत होते आणि ती वर बघत होती. चौथ्या मजल्यावर मीराताई तुटक्या दोरीचे टोक धरून उभ्या होत्या. पहिल्या मजल्याची खिडकी बंद झाली होती.

रंभाने नळ बंद केला. मला उचलून कोपरात अडकवले. रंगाचे डबे काढायला प्रल्हादरावांनी सकाळीच जाळीचे दार उघडले होते, ते तसेच होते. रंभा आत गेली. तिने आधी स्कूटर ढकलत गेटजवळ नेऊन लावली. मग एक वेताची खुर्ची डोक्यावर घेतली, जिना चढली आणि प्रल्हादरावांच्या दारासमोर ठेवली. मग दुसरी खुर्ची. मग गाद्या.

आवाज ऐकून प्रल्हादराव बाहेर आले. "ए बाई, हात लावू नकोस. कोणाला विचारून सामान हलवतेस?"

"तुम्ही दोरी कापताना कोनाला विचारलंत?"

"मी अध्यक्ष आहे इथला. पोलिसांना बोलवीन."

"बोलवा. तवर मी मखर आनते."

आता दारे उघडली होती. माणसे जिन्यात जमली होती आणि सगळी बघत उभी होती. राहिली होती फक्त लोखंडी खाट. रंभाने ती एका हाताने उचलून पाहिली. भाजलेल्या हाताला फोड आले होते, तो तिला टेकवता येईना. खाट एका बाजूने उठली आणि खाली पडली. पुन्हा उठली, पुन्हा पडली. वीस माणसे बघत होती. एवढ्या माणसांत एकही मोकळा हात नव्हता का? मला तेव्हा तोंड असते तर मी तिथेच सगळ्यांची नावे घेतली असती.

संजना गर्दीत होती. ती रिकाम्या झालेल्या पोकळीत शिरली आणि मान वर करून बघू लागली. चार मजले वर आभाळाचा पांढरा चौकोन दिसत होता.

"ही कसली जागा आहे?" तिने विचारले. "मला वाटायचं, इथे पाण्याची टाकी आहे."

उत्तर वरून आले. मीराताई जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "लिफ्टची आहे, बाळ. आपल्या सगळ्यांची."

संजनाने ओढणी कमरेला खोचली आणि खाटेची दुसरी बाजू धरली. दोघींनी मिळून ती खाट प्रल्हादरावांच्या दारात नेऊन ठेवली. प्रल्हादरावांना स्वतःच्या घरात शिरायला तिच्यावरून पाय टाकून जावे लागले.

नंतर रंभा पहिल्यांदाच चौथ्या मजल्यापर्यंत गेली. मीराताईंनी तिच्या हाताला मलम लावले. इतकी वर्षे ओरडून बोलायची सवय असलेल्या बायांना जवळून काय बोलावे ते सुचत नव्हते. निघताना रंभा म्हणाली, "टोपली मी नेते. तळ बांधून घेते."

त्या संध्याकाळी संजनाने सुमेधला जिन्यातच गाठून सगळे सांगितले. मीराताई पायरीवर बसलेल्या दिसूनही आपण थांबलो नाही, हेही तिने स्वतःची चूक म्हणून सांगितले. रविवारी सुमेध दारोदार सह्या मागत फिरला. सभा झाल्या, भांडणे झाली. तळमजल्याच्या लोकांना लिफ्ट नको होती. दोन वर्षे गेली. २००३ मध्ये लिफ्ट लागली. नारळ प्रल्हादरावांनी फोडला आणि संगमरवरी पाटीवर त्यांचेच नाव आले. हो, मित्रांनो, असेच झाले. मी गोड करून सांगणार नाही.

मी तोवर उमेळ्याला होते; मीराताईंची भाजी आता संजना जिन्याने वर न्यायची. रंभाने मला निळ्या पट्टीचे ठिगळ लावले होते आणि उलटी करून कोंबडीची पिले झाकायला ठेवले होते. पण लिफ्ट सुरू झाली त्या दिवशी तिने मला धुतले, केळी भरली आणि सोबत नेले. मीराताई लिफ्टमधून बाहेर आल्या. कुणी धरले नव्हते, खुर्ची नव्हती. त्या हळूहळू चालत अंगणात आल्या आणि मान वर करून स्वतःच्या गॅलरीकडे बघत राहिल्या.

"किती उंच आहे गं," त्या म्हणाल्या.

"मी तेच सांगते ताई. सात वर्षं वर बघून बोलले. मान धरलीय माझी."

मग दोघी अंगणातल्या कट्ट्यावर बसल्या आणि मीराताईंचा हात रंभाच्या हातावरच्या डागावर बराच वेळ होता.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. बांबू आहे, एक दिवस चुलीत जाईन. पण तुमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कुणी आहे का, जे बऱ्याच दिवसांत खाली दिसले नाही? आज जाऊन दार वाजवा. नोटिशीची, सभेची, अध्यक्षांची वाट पाहू नका. आणि तुमच्या वाटेत कुणी पायरीवर बसलेले दिसले, तर फोन खाली ठेवा आणि शेजारी बसा. मीराताई त्या सकाळी दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पाऊण तास बसल्या होत्या. मी मोजले आहे. पाऊण तासात बावीस माणसे गेली.

त्यातले कुणीही वाईट नव्हते. माझा राग जात नाही तो त्यामुळेच.