धवलारणीचा दम

करंजाड्याच्या जनीआजीच्या नाकाला लावलेली नळी पंधरा फुटांची होती. तेवढ्यात पलंग, मोरी आणि खिडकी बसायची, दार काही बसायचं नाही. फुफ्फुसं कडक होत चाललीत, बरी होणार नाहीत, जपून राहायचं, असं डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं होतं. तेव्हापासून ऑक्सिजनचं मशीन कोपऱ्यात घरघरत होतं आणि जनी जपून राहत होती. जन्मात तिला कधी जपणं जमलं नव्हतं, तो भाग वेगळा.

जनी धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात देवांना आणि घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन मांडवात बोलवायचं ते तिनं, आपल्या गाण्यांतून. चाळीस वर्षं आसपासच्या गावांतला एकही मांडव तिच्यावाचून झाला नाही, आणि बाईला त्याचा तोरा भारी. बाकीच्यांनी नुसते शेवटचे शब्द घोळवायचे, पुढची ओळ कुणाला लागू द्यायची नाही. सून प्राची नवी नवरी असताना हौसेनं वही घेऊन बसली होती. "आई, मलापण शिकवा ना."

"तुला कॉलेजवालीला काय करायचं हाय? मी काय मेले नाय अजून!" जनीनं वही मिटायला लावली. सुनेचा गळा आपल्यापेक्षा गोड आहे, हे खरं दुखणं होतं.

आता नातीचं, वल्लरीचं, लग्न निघालं. प्राचीला शिकायला बोलवायचं म्हणजे चूक कबूल करायची. आज बोलवू, उद्या बोलवू करता करता मांडवाचा दिवस उजाडला.

छोटा सिलिंडर शेजारी ठेवून जनीला खुर्चीत बसवलं. डीजे बंद केला. वल्लरी हळदीनं माखून पाटावर बसली होती. जनीनं गावदेवीला हाक घातली आणि दुसऱ्याच ओळीला तिचा दम तुटला. बायकांनी शेवटचे शब्द घोळवले, पुन्हा घोळवले, आणि तिच्या तोंडाकडे बघत गप्प झाल्या. पुढचं कुणालाच येत नव्हतं. तशी तजवीज तिनंच केली होती.

"आजी, आजोबांना बोलवायचं राहिलं ना," वल्लरी हळूच म्हणाली.

प्राची उठली आणि तिनं सासूच्या तोंडाशी कान नेला. जनी एकेक ओळ कुजबुजू लागली, प्राची गाऊ लागली. चाल साफ चुकत होती. एरवी जनीनं भर मांडवात पाणउतारा केला असता. पण चाल सुधारण्यात दम घालवला तर शब्द पुरणार नव्हते. तिचा गेलेला नवरा बुधाजी नातीच्या लग्नाला चुकीच्या चालीवर आला.

एक गाणं झालं. अजून पस्तीस होती.

"प्राची, ती वही हाय का गो?"

"ती कधीच रद्दीत गेली, आई. दुसरी आणते."

जनीला हंबरडा फोडावासा वाटला. पण रडायलाही दम लागतो, म्हणून ती जपूनच रडली.