थोरलीचा टाक

धर्माबाबांनी पिशवीतून नारळ काढला आणि नेमका पौर्णिमाताईच्या वजनकाट्यावर ठेवला. हा काटा म्हणजे आमच्या ऑफिसातली सगळ्यात लाडाची वस्तू. त्याच्यावर कानातली बाळी, जुनं नाणं, फार तर एखादी घंटी चढायची. नारळाचा भार बघून बिचारा चमकला आणि बंदच पडला. पौर्णिमाताई एरवी काट्याला कोणी बोट लावलं तरी ओरडते. त्या दिवशी मात्र तिनं नारळ उचलून खिडकीत ठेवला आणि धर्माबाबांच्या बायकोला, धोंडूबाईंना, बसायला बाकडं पुसून दिलं.

टोकावड्याच्या बाजूनं दोन एस्ट्या बदलून दोघं शहापूरला आली होती. सोबत खण, तांदूळ, हळदकुंकू असं सगळं ओटीचं सामान. ओटी देवीची भरायची होती आणि देवी आमच्या कपाटात होती.

मी शाम, या ऑफिसचा ड्रायव्हर. ऑफिस म्हणजे बाजाराच्या मागं भाड्याच्या दोन खोल्या. शहापूर-मुरबाडकडं कुठं जुनी वस्तू निघाली की ती जीपमधून आणायची आणि पौर्णिमाताईच्या हवाली करायची. ती मऊ कुंचल्यानं माती काढते, मापं घेते, वजन करते, फोटो काढते, ओळख ठरवून नोंद करते. जीप काही रोज चालत नाही. उरलेल्या वेळात फोटोसाठी टॉर्च तिरका धरायचं काम माझ्याकडं. समोरून उजेड टाकला तर जुना पत्रा नुसता चकाकतो, तिरका टाकला की झिजलेलं नाक-डोळे वर येतात. ही सवय इतकी अंगात मुरली आहे की लाईट गेल्यावर घरी बायको तांदूळ निवडते तेव्हाही मी टॉर्च तिरकाच धरतो आणि बोलणी खातो.

तर त्या उन्हाळ्यात धर्माबाबांच्या गावच्या डोहातला गाळ काढला. गावाचं नाव मी सांगत नाही, गावाला ते आवडायचं नाही. गाळ शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरनं आपापल्या खाचरांत नेऊन टाकला. ढेकळं फोडताना धर्माबाबांच्या हाताला एक टाक लागला. टाक म्हणजे देव्हाऱ्यात पुजतात तो चांदीचा किंवा पितळेचा छोटा पत्रा, त्यावर देवाचं उठावाचं चित्र असतं. मग शेजारच्या खाचरांतूनही टाक निघाले. घोड्यावरचा खंडोबा निघाला, हातात ढाल घेतलेला वीर निघाला, एक घंटी, थोडी शिवराई नाणी. पण धर्माबाबांचा टाक सगळ्यांत देखणा. चांदीचा, अंगठ्याच्या पेराएवढा, त्यावर सरळ उभी असलेली बाई.

गावानं ठरवून टाकलं की डोहातली देवी वर आली. काठाला घुमटी बांधायची, जागासुद्धा साफ करून झाली. पण ग्रामसेवकानं सांगितलं की असलं काही सापडलं तर सरकारजमा करावं लागतं, आणि धर्माबाबा सगळं फडक्यात बांधून आमच्या जीपमध्ये येऊन बसले. वाटेत त्यांचे डोळे भरले होते. मी समोर रस्त्याकडं बघत गाडी चालवली. रडणाऱ्या म्हाताऱ्याकडं कसं बघावं हे मला अजून जमलेलं नाही.

हे देव डोहात कसे गेले ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं, उघड कोणी बोलत नव्हतं इतकंच. छप्पन सालानंतर गावातल्या आताच्या बौद्ध वस्तीनं धम्म घेतला, तेव्हा घराघरातले देव एका टोपलीत गोळा करून डोहात सोडले होते. पुढाकार बुधाजींचा. हे बुधाजी म्हणजे आमच्या पौर्णिमाताईचे आजोबा.

"शामदादा, आजोबांनी सोडलेले देव नात मोजत बसलीये," ती पहिल्याच दिवशी हसत म्हणाली होती. "आजोबा असते तर काठी घेऊन आले असते इथं."

बाकीच्या टाकांची नोंद झाली. बाईच्या टाकाशी मात्र तिचा हात अडला. त्याला वर कडी होती, म्हणजे तो देव्हाऱ्यातला नव्हता, गळ्यातला होता. मागची बाजू छातीवर घासून गुळगुळीत झाली होती. पूर्वी पहिली बायको वारली आणि नवऱ्यानं दुसरी केली, की दुसरीच्या गळ्यात पहिलीचा टाक घालायचे. सवतीचा टाक. सकाळी कुंकू लावायचं ते आधी तिला, मग स्वतःला. पौर्णिमाताईचं मत पडलं की हा तोच, ही देवी नव्हे, कोणाची तरी वारलेली बायको आहे.

ओटी घेऊन आले त्या दिवशी हे तिनं धर्माबाबांना समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, देवीचा टाकपण गळ्यात घालतात, माझ्या आईच्या गळ्यात व्हता. ते खरंच होतं. नुसत्या कडीवरून काही ठरत नाही. गावात दुसरं कोणी सांगेल असंही राहिलं नव्हतं.

"आत्याला विचारावं लागेल," पौर्णिमाताई म्हणाली आणि मला दाराबाहेर घेऊन आली. मला वाटलं गाडीचं बोलायचं असेल. पण तिचा चेहरा उतरला होता.

आत्या म्हणजे बुधाजींची लेक सोनूबाई. डोळखांबच्या आश्रमशाळेत कामाठी होती, सगळा जन्म पोरांची भांडी घासण्यात आणि डोक्यातल्या उवा काढण्यात गेला. नवरा लवकर गेला, मूल नाही. निवृत्त झाल्यावर सापगावला पौर्णिमाताईकडं राहायला आली. येताना एक पत्र्याची पेटी आणि भरपूर हुकूमशाही घेऊन आली. ताटात भात टाकलेला तिला चालत नाही, मग तो माणूस कलेक्टर का असेना. मी तिला मनापासून घाबरतो आणि तिच्या हातची नाचणीची भाकरी मिळावी म्हणून मुद्दाम जेवायच्या वेळेला जातो.

तर या आत्याची आई मालू ही बुधाजींची दुसरी बायको होती आणि तिच्या गळ्यात थोरलीचा टाक होता. देव सोडायच्या दिवशी बुधाजींनी टोपली पुढं धरली आणि मालूनं देवांबरोबर गळ्यातला टाकही काढून दिला. नवऱ्याच्या शब्दाबाहेर ती नव्हती. पण पुढं मरेपर्यंत कुंकू लावताना तिचा हात आधी गळ्याशी जायचा, हे आत्यानं पौर्णिमाताईला लहानपणी सांगितलं होतं.

"हा आमच्याच थोरलीचा निघाला तर?" पौर्णिमाताई म्हणाली. "आत्या मागेल तो. आणि मला नाही म्हणावं लागेल. आई गेल्यावर तिनं मला वाढवलंय, शामदादा."

मी म्हणालो, मग नको विचारू. देवी लिही आणि मोकळी हो. म्हातारा खूश होईल, आत्याला कळणार नाही. मला अजूनही वाटतं की सल्ला काही वाईट नव्हता. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी गाडीची किल्ली घेऊन निघालो.

आत्याला आणायला सापगावला गेलो तर ती तयारच होती. धुतलेलं पातळ नेसली होती, चष्मा हातरुमालात गुंडाळून मांडीवर ठेवला होता. भातसा नदीच्या पुलावर आल्यावर बोलली.

"बाबांनी देव सोडले ते बराबर केलं. मी कदी त्याला नाव ठेवलं नाय आनि ठेवनार नाय. पन थोरली देव नव्हती रे शाम. आमच्या घरातलं मानूस व्हतं ते. देवांच्या गर्दीत चुकून गेली."

मी मान हलवली. गिअर टाकायचं विसरलो आणि गाडी पुलावरच बंद पडली.

ऑफिसात शिरल्यावर धर्माबाबा उठून उभे राहिले. दोघं एका वयाची, एका गावची. लहानपणी एकाच डोहावर पाण्याला जायची, ही खालच्या अंगाला आणि हा वरच्या. पण त्या दिवशी ते "ये गो सोनूबाय" म्हणाले आणि धोंडूबाईंनी सरकून बाकड्यावर जागा केली. आत्या मधोमध बसली.

पौर्णिमाताईनं टाक काढून पांढऱ्या फोमवर ठेवला. मी टॉर्च तिरका धरला. आत्यानं चष्मा लावला, खाली वाकली. मग टाक उचलला, उलटा केला आणि मागून अंगठा फिरवला. पौर्णिमाताई टेबलाची कड धरून उभी होती. मला आत्याचा फक्त अंगठा दिसत होता, सोडा आणि राखेनं चिरलेला, तो परत परत त्या चांदीवरून जात होता.

"आमची नाय ही," ती म्हणाली.

पौर्णिमाताईनं सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. ती म्हणाली, "नीट बघ ना आत्या." आवाज लहान मुलीसारखा झाला होता.

"बगितली गो. आमची येगली व्हती."

धर्माबाबा पुढं झाले. "मंग देवी म्हनायची का, सोनूबाय?"

इतक्या आशेनं विचारलं त्यांनी की मला वाटलं, म्हण ना हो. कोणाचं काय जातं? घुमटी होईल, दिवा लागेल. आत्यानं टाक परत फोमवर ठेवला, चेहरा वर येईल असा.

"देवी नाय रे धर्मा. मुरबाडचा सोनार टाक करायचा, तो देवीच्या हातात कायतरी द्यायचा. तलवार म्हन, फूल म्हन. बायला रिकाम्या हातानं उभी करायचा. आमच्या वस्तीत तिघींच्या गल्यात अशा बाया व्हत्या. ही त्यांतलीच येक. कोनाची ती आता सांगायला कोन नाय. पन बाय हाय. तिला देवी केली तर परत गर्दीतच गेली ती."

 धर्माबाबा खाली बसले. मला त्यांची फार कीव आली. स्वतःच्या हातानं मातीतून काढलेली देवी, स्वतःच्या हातानं आणून दिली आणि आता ती देवीही राहिली नाही. धोंडूबाईंनी मात्र पिशवी मांडीवर घेतली आणि खण बाहेर काढला. "बाय तर बाय," त्या म्हणाल्या. "कुंकवाची गेली ना ती? मंग ओटीला काय हरकत हाय?"

हळदकुंकवाची पुडी बघून पौर्णिमाताई धावली, धातूला असलं काही लावायचं नसतं. शेवटी फोम उचलून त्याच्याखाली खण अंथरायचा असं ठरलं. नियमात ते बसतं का, मी विचारलं नाही. आत्यानं हे सगळं शांतपणे पाहिलं. ती असल्या गोष्टी कधीची सोडून बसलेली. तरी खणाचं एक टोक दुमडलं होतं, ते तिनं बोटानं सरळ केलं.

पौर्णिमाताईनं ओळख लिहिली आणि आत्याला वाचून दाखवली. स्त्री, वारलेल्या पहिल्या पत्नीचा टाक, गळ्यात घालायचा. नाव माहीत नाही.

"आमचीला नाव व्हतं," आत्या म्हणाली. "सकू. आयनं तिला कदी बगितली नव्हती. पन सकूबाय म्हनूनच हाक मारायची."

संध्याकाळी तिघांना घेऊन स्टँडवर आलो. मुरबाडची गाडी लागली नव्हती. धोंडूबाई पाण्याची बाटली भरायला गेल्या तसे धर्माबाबा जीपच्या खिडकीशी आले. आत्या आत बसली होती.

"तुमची कशी व्हती?" त्यांनी विचारलं.

आत्यानं चष्मा काढून हातरुमालात गुंडाळला. मग म्हणाली, "सकू बालंतपनात गेली. पोर बी गेलं. बाबांनी सोनाराला सांगून तिच्या कडंवर पोर घातलं व्हतं. वस्तीत तसा टाक दुसऱ्या कोनाचा नव्हता."

"डोहाच्या खालच्या अंगाचा गाल माज्याच खाचरात हाय," धर्माबाबा म्हणाले. "समदा."

धोंडूबाई बाटली भरून आल्या. गाडी आली आणि दोघं खिडकीची जागा धरायला धावली.

लावणीच्या दिवसांत मी आणि पौर्णिमाताई माळशेजच्या रस्त्यानं कामाला निघालो होतो. आत्या दोन दिवसांपूर्वीच गावाला जाते म्हणून गेली होती. माहेरी तिचं आता कोणी नाही, पण तिला अडवणार कोण? टोकावड्याच्या अलीकडं जिकडंतिकडं चिखलणी चालली होती. खाचराखाचरात पॉवर टिलर गुरगुरत होते, तासाभरात शेत मोकळं करत होते. एकाच खाचरात बैल होते. धर्माबाबांनी आपले बैल कधीच विकलेत, ही जोडी त्यांनी डोळखांबच्या मेव्हण्याकडून आणली होती. टिलरच्या पात्यांत चांदीचा पत्रा सापडला तर तुकडे होतील, आणि यंत्रामागं चालताना पायाला काही कळत नाही, असं त्यांनी गावात सांगितल्याचं नंतर कळलं. गाव हसलं म्हणे.

मी जीप कडेला घेतली. धर्माबाबा औतामागं अनवाणी चालत होते, एकेक पाऊल चिखलात दाबून, थांबून. मागून धोंडूबाई वाकून हातानं चिखल चाचपत येत होत्या. बांधावर छत्री उघडून आमची आत्या बसली होती. तिला आम्ही दिसलो नाही, तिचं सगळं लक्ष खाली त्यांच्या पायांकडं होतं.

बैल वळणावर जरा जोरात ओढू लागले तशी ती अर्धवट उठली.

"सावकाश रे धर्मा," ती म्हणाली. "पोर हाय तिच्या कडंवर."